स्ट्रॉबेरीतला तिचा वाटा

ऐंशीच्या दशकात घरी ओव्हन कुठला? लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला फ्रेंच केक करायचा म्हणून मी महामूर्ख, कच्च्या मिश्रणावरच स्ट्रॉबेरी आणि क्रीमचे थर रचून डबा भाजायला घाटकोपरच्या बेकरीत नेला.

रांगेत नानकटाईचा ट्रे घेतलेल्या मालवणी बाईने डब्यात डोकावून पदर तोंडाला लावला. "गो बाये, ह्या भट्टीत गेला तर ह्येचा सांबारा होतला!"

मी रडकुंडीला आले. तिने क्रीम काढलं, स्ट्रॉबेरी वेचून धुतल्या, मिश्रण भाजायला दिलं. स्वतःची नानकटाई झाल्यावरही माझ्या केकला पदराने वारा घालत थांबली. थर रचून झाल्यावर म्हणाली, "घोवाक काय्येक सांगा नको हां. खूश होवंदे तो!"

नवऱ्याला अजून पत्ता नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं. म्हणून दरवर्षी केकवरची सगळ्यात मोठी स्ट्रॉबेरी तिच्या वाटची, आणि ती मीच खाते.