डोके बांधण्याची आज्ञा

अपघाताच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मी दफेदार सखाराम भोईर यांना ‘वीर’ या घोड्याचे डोके बांधण्याची आज्ञा दिली. मी तेव्हा नायब रिसालदार होतो. चौकी बर्फाळ सीमेवर होती. माझ्या ताब्यात नऊ घोडे व अकरा जवान होते. भोईर खालापूर तालुक्यातले, मी कर्जतच्या भिसेगावचा.

वीर चालता चालता एकाएकी डोके वर झटकायचा, फुरफुरायचा, पुढच्या पायावर नाक घासायचा. घोडदळात आम्ही याला खोड म्हणत असू आणि खोडीवरचा उपाय ठरलेला होता: मार्टिंगेल, म्हणजे पोटाखालच्या तंगापासून नाकपट्ट्यापर्यंत बांधलेला चामडी पट्टा. तो आवळला की घोड्याला डोके उचलता येत नाही. मी तेच शिकलो होतो व तेच शिकवत होतो.

“साहेब, ढग आला का हा गप ऱ्हातो,” भोईर म्हणाले. “उनात काढला का नाकात मुंगी शिरल्यागत करतो. खोड नाय ती. दुखतंय त्याला कायतरी.”

“घोडा आभाळ बघून शिस्त पाळतो का, दफेदार?”

“मानूसबी पाळतो, साहेब. तुमीच उनात जास्ती रागावता.”

मी हसलो नाही. “पट्टा बांधा.”

“बांधतो.”

दुसऱ्या दिवशी गस्त आठ वाजता निघाली; वीरवर भोईर स्वार होते. आकाश निरभ्र होते, बर्फावरून ऊन परतत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर भोईर यांचा आवाज आला.

“पॅट्रोल टू बेस. घोडा ऐकत नाय. पट्टा सोडायची परवानगी द्या. ओव्हर.”

“नेगेटिव्ह. तसेच पुढे चला. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

पंधरा मिनिटांनी दुसऱ्या स्वाराने कळवले. वीरने डोके झटकले, पट्ट्याने ते अडवले, तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि स्वारासह उलटून नाल्यात कोसळला. दोघेही जागीच गेले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे लष्करी चौकशी मंडळापुढे, मी साक्ष दिली की घोडा खोडकर होता व स्वाराचा ताबा सुटला. पट्ट्याविषयी कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. रेडिओ लॉग माझ्याच हातचा होता. त्यात मी लिहिले होते, ‘घोड्याविषयी संदेश, योग्य सूचना दिल्या.’ निष्कर्ष निघाला: स्वाराचा निष्काळजीपणा.

निवृत्तीनंतर मी पत्रे लिहिली. बंद पथदिवे, बुजवलेले नाले, उशिरा उघडणारी कार्यालये. प्रत्येकाला कलम दाखवले, स्मरणपत्रे पाठवली. इतरांच्या कर्तव्यच्युतीवरचा माझा संताप कधी ओसरला नाही. त्या एका साक्षीविषयी मात्र मी चौदा वर्षांत एक ओळही लिहिली नाही.

गेल्या वर्षी मी खालापूरजवळच्या एका घोडेस्वारी शाळेत देखरेखीचे काम धरले. तेथील हरिणी ही घोडी उन्हात नेली की तशीच डोके झटकू लागली. मालक म्हणाले, “रिसालदार साहेब, मार्टिंगेल बांधू या? की त्यावरही तुमचा अर्ज येणार?”

“आधी डॉक्टर,” मी म्हणालो.

डॉक्टर बाईंनी दात, कान, डोळे, लगाम सारे तपासले. मग घोडी सावलीत उभी केली. ती शांत राहिली. उन्हात आणली, झटके सुरू झाले. त्यांनी सांगितले की हा चेहऱ्यातल्या नसेचा आजार आहे. प्रकाशाने, वाऱ्याने नस चेतते आणि विजेचा धक्का बसावा तशी कळ येते. खात्रीचा इलाज नाही, सांभाळणे आहे: नाकावर बारीक जाळी, डोळ्यांवर गडद झापड, स्वारी उजाडताना. “आणि डोके कधीही बांधायचे नाही,” त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी हरिणी जाळी लावून पाव तास चालली. एकही झटका आला नाही. भोईर यांनी हे केवळ बघून ओळखले होते.

त्याच आठवड्यात मी शपथपत्राचा मसुदा केला आणि तो घेऊन शिळफाट्यापलीकडे भोईर यांच्या पत्नी सुनंदाबाईंकडे गेलो.

“कागद कशाला आनलाव, साहेब? आमच्या दारातला खांबावरचा दिवा लागतो,” त्या म्हणाल्या.

मी पट्ट्याची आज्ञा आणि चौकशीतली माझी साक्ष सांगितली. सुपातले तांदूळ निवडत त्यांनी ते ऐकले.

“चौदा वरसं लोक म्हनतात, सखारामला घोडा आवरला नाय. माजी लेक तेच ऐकत वाढली. आता निकाल बदलंल?”

“ठाऊक नाही. माझ्यावर कारवाई मात्र होऊ शकते.”

“तुमच्या कारवाईचं मला काय करायचं? वाचा.”

मी वाचले: ‘दफेदार भोईर यांनी या आज्ञेला दोनदा हरकत घेतली होती.’

“दोनदा?”

“एकदा चौकीवर. एकदा रेडिओवर, पडण्याआधी पंधरा मिनिटे.”

हे त्यांना ठाऊक नव्हते. सूप खाली ठेवून त्यांनी विचारले, “काय बोलले?”

मी शब्द न शब्द सांगितला. माझे उत्तरही सांगितले.

“आन् मंग ते?”

“रॉजर म्हणाले. म्हणजे, आज्ञा समजली.”

“हे हाय का कागदात?”

नव्हते. त्यांच्या ओट्यावर बसून मी ते लिहिले: दफेदार सखाराम भोईर यांनी अखेरपर्यंत आज्ञा पाळली. चूक आज्ञेत होती आणि आज्ञा माझी होती.