वारा पडला आणि मामा सुटले

माझ्या बायकोच्या मामांच्या तोडीचा दर्यासारंग अवघ्या आखातात सापडायचा नाही. जन्माला तीनेकशे वर्षं उशिरा आले, एवढीच काय ती अडचण. त्यामुळे बिचारे फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवायच्या नोकरीला लागले आणि मराठ्यांच्या आरमाराने इंग्रजांशी मांडलेलं युद्ध आमच्या जेवणाच्या टेबलावर लढत राहिले. सांडगी मिरची म्हणजे आपलं गलबत आणि वरणाची वाटी म्हणजे इंग्रजांचं जहाज. दुबई मरीनातली लखलखीत यॉट दाखवली, तर नाक मुरडून म्हणायचे, "हिला खोल पाणी लागतं. आपली गुराब, एवढं मोठं लढाऊ जहाज, उथळ खाडीतसुद्धा शिरायची!" जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या घरी पाहुणे आले, की त्यांचा चहा निवेपर्यंत मामांची गुराब भर समुद्रात वाऱ्याअभावी अडकलेली असायची. मग वल्ह्यांची गलबतं तिला दोर बांधून ओढायची, आणि शत्रूच्या तोफा जिथे पोचत नाहीत त्या पिछाडीला जाऊन ती समोरच्या टोकावरच्या तोफा डागायची. पाहुणे "वा!" म्हणत घड्याळाकडे बघायचे.

ऐकायला मुळीच तयार नसायची ती मामांची नात. दुबईतच वाढलेली, शाळेत जाणारी. मामांनी तोंड उघडलं, की म्हणायची, "आजोबा, खलास! नोबडी केअर्स." मामा हसण्यावारी न्यायचे. पण निवृत्त होऊन रत्नागिरीला परतायला महिना उरला, तेव्हा मला म्हणाले, "जावईबापू, हिला एकदा तरी पटलं असतं, तर सुखाने गेलो असतो."

त्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाची सहल फुजैराच्या किनाऱ्यावर गेली. शिडाच्या छोट्या बोटींची शर्यत ठरली; जो आधी पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला हात लावेल, तो जिंकला. एका बोटीत मामा आणि मी, दुसरीत मंडळाचे अध्यक्ष. ते रीतसर सेलिंग शिकलेले, शिवाय डोक्यावर कॅप्टनची टोपी. ते बरेच पुढे गेले आणि अर्ध्या वाटेत वारा पडला. दोन्ही शिडं ओल्या टॉवेलासारखी लोंबायला लागली. मी कपाळाला हात लावला, पण मामांचे डोळे लकाकले. जवळच नात आणि तिच्या मैत्रिणी कयाक वल्हवत होत्या. मामांनी दोर भिरकावला आणि गरजले, "बांध गं पोरी! तू गलबत, मी गुराब!"

ती फिसकन हसली. मग तिने दोर बांधला आणि ओरडली, "यल्ला गर्ल्स, रो!"

आमची बोट हलली ती थेट अध्यक्षांच्या पिछाडीला. तोफ नव्हती, म्हणून मामांनी तोंडानेच "धडाम!" केलं आणि पाण्याच्या बाटलीने त्यांची टोपी भिजवली.

"मामा, हे टोटल चीटिंग आहे!" अध्यक्ष ओरडले.

"इंग्रजही हेच म्हणायचे!" मामा म्हणाले. पोरींनी आमची बोट पुढे ओढत नेली आणि मामांनी बोयाला हात लावला. काठावर असा जल्लोष झाला, की शेजारचं अरब कुटुंबही टाळ्या पिटायला लागलं.

नात धापा टाकत किनाऱ्यावर आली आणि मामांना खेटून वाळूत बसली. "आजोबा, वेट. त्या खऱ्या लढाईत मग पुढे काय झालं?"

मामांनी इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती श्रोती अखेर मिळाली होती, आणि हाताशी महिनाच उरला होता. वल्ह्याने लाल झालेला तिचा तळवा एका हातात धरून त्यांनी दुसऱ्या हाताने वाळूत गुराब काढायला घेतली.