पेंढ्यातली तिरफळं

रत्नागिरीत रेल्वे आली त्या वर्षी मी या घरात नवी सून होते. गाव पेढे वाटत होतं आणि सासरे संशय. "रूळ दोन असतात," ते म्हणायचे, "एकावरून आपला आंबा जायचा, दुसऱ्यावरून परका येऊन आपल्या नावावर खपायचा." पुढे परका आंबा खरंच आला, तो भाग वेगळा.

शेजारच्या भावोजींचं भातखाचर रुळाखाली गेलं आणि ते स्टेशनवर हमाल झाले. वाडीच्या पेट्या ट्रकऐवजी गाडीने गेल्या तरच त्यांचं पोट भरणार. त्यांनी फारच गळ घातली, तेव्हा सासऱ्यांनी नमुन्याला एक पेटी मुंबईच्या नणंदेकडे धाडायचं कबूल केलं.

आंबे मी लावले. पेटीच्या तळाला, पेंढ्यात मूठभर तिरफळं दिसली, बांगड्याच्या सारात घालतो ती. स्वयंपाकघरातली बरणी रिकामी होती, म्हणजे सांडली असणार. मी वेचून परत बरणीत टाकली.

चार दिवसांनी नणंदेचा फोन आला. सासऱ्यांनी तिला पेटीत काहीतरी शोधायला सांगितलं होतं, ते मिळालं नव्हतं. सासरे तडक स्टेशनवर गेले आणि पेटी बदलली म्हणून चार माणसांदेखत भावोजींना चोर म्हणाले. भावोजी ग्रामदेवतेची शपथ घेत राहिले.

दुपारी जेवताना सासऱ्यांनी खुशीत गुपित फोडलं. "बरणीतली सगळी तिरफळं मी खूण म्हणून पेंढ्यात लपवली होती. एक नाय मिळाला!"

माझा वाढता हात थांबला. ताटात बांगड्याचं सार होतं. त्यांनी सवयीने तिरफळं काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि मग त्या तिरफळांकडे बघत बसले. मी बोलायला हवं होतं. घाबरले. थोड्या वेळाने त्यांनी भात मागितला, मी वाढला.

वाडीच्या पेट्या ट्रकनेच जात राहिल्या. सासऱ्यांना कळलं होतं, असा माझा संशय. मला ठाऊक होतं, असा त्यांना असावा. भावोजींकडे मात्र दोघांपैकी कुणीच गेलं नाही. सासरे शेवटपर्यंत गेले नाहीत, आणि त्यांच्यामागे मीही नाही. त्याची लाज वाटते.

परवा लेकीकडे मुंबईला निघाले. प्लॅटफॉर्मवर भावोजी भेटले, केस पार पिकलेले. मी नकळत बॅग पुढे केली.

"तुमचा सामान मी नाय उचलायचा, वयनी," ते हसत म्हणाले. "परत काय कमी झाला तर?"

मीही हसले, आणि बॅग स्वतःच उचलून गाडीत चढले. तिच्यात लेकीसाठी तिरफळं होती.