चुंबकावर आळ

ये कमल, हे वाचताना माझ्याजवळ बसलीयस असं समज. आधी रागावूनच घेते. 'ताईच्या डोक्याला करंट देतात' असं गंगाखेडभर सांगत सुटलीस? बहिणीला एकदा विचारायचं तरी!

परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे डिप्रेशन आहे." म्हणजे मनाचा आजार. झोप नाही, तोंडाला चव नाही, चार महिने बोलावंसं वाटलं नाही. गोळ्यांनी भागेना, म्हणून टीएमएस सुरू केलं. डोक्याला चुंबकाची चकती लावतात, टकटक वाजतं, मेंदूला लहरी जातात. आठवड्याला पाच दिवस. दहाव्या दिवशी मी आपणहून सूनबाईला म्हणाले, "वरणात मीठ कमी हाय." ती पदर तोंडाला लावून रडली.

आणि लगेच माशी शिंकली. चक्कर यायला लागली, अंगात त्राण उरेना. रक्तात कॉर्टिसॉल लय कमी निघालं. हे हार्मोन शरीराला ताण पेलायचं बळ देतं.

"चुंबकानंच बिघडवलं," लेकानं निकाल लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुंबकाने एवढं घसरत नाही. पण कारण कळेपर्यंत थांबू."

थांबू! आत्ता कुठं मला माणसात यावंसं वाटत होतं. पुन्हा रक्त, पुन्हा सकाळी आठच्या आत परभणी, पुन्हा तेच बाकडं. तीन आठवडे गेले, माझं बोलणं परत आटलं. जो तो विचारी, "आणखी काही औषध घेता?" मी म्हणे, "न्हाई."

शेवटी रक्त घेणाऱ्या सिस्टरनं विचारलं, "आजी, गुडघ्याला पुडी घेता का?"

"घेते की. बाजारात चटईवर बसतो त्याची. दोन वर्षं झाली."

"अन् मग न्हाई कशाला म्हणायलात?"

"ती झाडपाल्याची हाय! औषध कुठं हाय?"

सिस्टरनं कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं कॉर्टिसॉल बनवायचं सोडून देतं. परभणीच्या फेऱ्यांत माझी पुडी चुकायला लागली, म्हणून ती चक्कर. पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेततं, म्हणून मला मोजून गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करायच्या. आता गंगाखेडभर हे सांग: बायांनो, पुडी, काढा, मलम, जे घेता ते सगळं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेवा.

तीन आठवडे माझेच मी घालवले. राग काढू कुणावर? बिचारं चुंबक शिव्या खात राहिलं.

सोमवारपासून टीएमएस परत सुरू झालंय. चार वाक्यं बोलले की दमते, लिहायला मात्र जमतं. रविवारी उपचाराला सुटी असते. आमच्या पिंगळीला गाडीतून उतर, लेक स्टेशनावर येईल. मी जमेल तेवढं बोलेन, बाकीचं तू बोल. लवकर ये.