जाऊबाईंची पटाशी

देवळीच्या आमच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या तावडीतून एकही लाकडी वस्तू सुटलेली नाही. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या जाऊबाई लाकूड कोरायला लागल्या आणि पहिला पोळपाट गेला; त्यांना त्यात सूर्य दिसला होता. मग पाट गेला, मग माझ्या कपाटातली फळी. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "साड्या खाली ठेवजो. फळी मले पाह्यजे."

पूर्वी त्या पुठ्ठ्यावर नुसते रंग लावायच्या. निळ्यावर गेरू, गेरूवर काळा. समोर बसलेला पाहुणा घाबरून चहा लवकर संपवायचा. 'हे काय आहे?' असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "काय हाये ते सोडा. कसं वाटते ते सांगा." ते फक्त सासूबाई सांगायच्या, "मले तं सारवन सुकून राह्यलं असं वाटते." जाऊबाई खूश व्हायच्या.

काचबिंदूने सासूबाईंची नजर गेली. एके सकाळी त्या म्हणाल्या, "सूनबाई, आता तुयं सारवन मले दिसत नाई." दुसऱ्या दिवशी जाऊबाई सुताराच्या दुकानात जाऊन बसल्या आणि साठी उलटल्यावर पटाशी धरायला शिकल्या. अंगठा कापला, पट्टी बांधली, पुन्हा बसल्या. भासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, हत्यारं लपवली, तेव्हा त्यांनी उलथण्याने लाकूड खरवडायला घेतलं. भासऱ्यांनी हत्यारं मुकाट्याने परत आणून ठेवली.

चार महिन्यांनी सागाच्या फळीतून कापूस वेचणाऱ्या दोन बाया उठून आल्या. त्यांच्याभोवती तेच जाऊबाईंचे ना झाड ना आभाळ असे रंग. अंगणात बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर त्यांनी फळी ठेवली. बोटं कापसाने फुगलेल्या ओटीवरून, वाकलेल्या पाठीवरून फिरत एका नाकाशी थांबली.

"हे तं माई बहीन होय!"

ती बहीण जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मग हात बाजूला सरकला. "अन् इथं गुयगुयीत काऊन?"

"तिथं रंग हाये, आई."

"कोनता?"

जन्मभर पोरींना रंग शिकवलेल्या जाऊबाईंनी सासूबाईंचा तळवा उचलून उन्हानं तापलेल्या पायरीवर टेकवला. "असा, आई."

ऊन उतरेपर्यंत सासूबाईंनी हात तिथून काढला नाही.

आता सासूबाई नाहीत. जाऊबाई अजून कोरतात, रंगवतात. पाहुण्यांना मात्र आधी डोळे मिटून हात लावायला सांगतात, आणि ते हात लावत असताना स्वतः अंगणातल्या त्या पायरीकडे बघत राहतात.