पाळण्याच्या कडीला चेंडू

डोंबिवलीत तेव्हा माणसांपेक्षा बेडूक जास्त होते, आणि बेडकांपेक्षाही जास्त धावा मी काढल्या. त्याही घरात. आमच्या दोन खोल्या इतक्या अरुंद की स्क्वेअर कट मारला तर बॅट शेजारच्यांच्या आमटीत जायची. म्हणून माझी सरळ बॅट अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नावाजलेली. कोणी नावाजली ते विचारू नका.

बॅट म्हणजे खोक्याची फळी. चेंडू म्हणजे वडिलांच्या फाटक्या मोज्यात कोंबलेल्या चिंध्या. तो टांगायला जागा नव्हती, ती त्या श्रावणात मिळाली. माझी धाकटी बहीण तापाने गेली. जेमतेम बसायला लागली होती. वडिलांनी पाळणा सोडून माळ्यावर टाकला, तुळईची कडी रिकामी झाली, आणि काही दिवसांनी मी तिला चेंडू बांधला. मला त्यात काही वाटलं नाही. तेव्हा कशातच वाटत नव्हतं. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू यावं, तसं घर ऐकू यायचं.

आई बोलायची बंद झाली होती. रडलीही नव्हती. शेगडीपुढे बसायची, रेशनच्या ज्वारीची भाकरी करपली तरी हात जागचा हलत नसे. इंग्रज देश सोडून गेला होता, पण गोलंदाजीला रोज आमच्या घरी यायचा. मी त्याला असा फोडायचो की चेंडू थेट कोपरच्या खाडीत, आणि मासे घाबरून आंबिवलीला पळायचे.

"आई, बघितलंस?"

ती बघायची नाही.

एकदा चेंडू झुलत तिच्या पाठीशी गेला. तिने मागे न बघता मोज्याची लोंबती सुतळी धरली, ओढली, सोडली. एका हाताने भाकरी उलटताना पाळण्याची दोरी ओढायची, अगदी तशी. चेंडू आला, मी अडवला. तिने परत ओढली. मग हे रोजचंच झालं. षटकार बंद. मी नुसता अडवत राहिलो.

शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि वडिलांना गाठलं.

"भावोजी, रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. तुमच्याकडे तर नुसती कडीच हलतेय! घरात अजून एक पोर आहे हो."

वडील पक्कड घेऊन स्टुलावर चढले. "अरे, सोड तो चेंडू. शेतात जाऊन खेळ."

"शेतात भात उभा आहे."

पक्कड कडीला लागली.

"राहू द्या हो."

आवाज इतका गंजलेला की वडिलांनी आधी काकूंकडेच पाहिलं.

"अगं, पण..."

"राहू द्या," आई म्हणाली. "हा अजून चेंडू अडवताना पाय पुढे काढत नाही."

इथे आम्ही तिघं गळ्यात गळे घालून रडलो, पूर आला, स्टेशन बुडालं, असं सांगायची मला फार हौस आहे. तसं काही झालं नाही. वडील स्टुलावरून उतरले. काकू गेल्या. आईने सुतळी ओढली.

मी पाय पुढे काढला.