फोटोतली चौथी

आमच्या दिग्रसमध्ये तिघांचा फोटो कोणी काढत नाही. तिघं एका फोटोत आले की त्यातला एक जातो, ही गोष्ट शिकलेले मास्तरसुद्धा हसत हसत पाळतात. बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिघं तर रोजच येणार, नवरा-बायको आणि पोर, नाहीतर माय आणि दोन लेकी. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं बाबांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी तोड काढली होती. तिघं आले की ते मला हाक मारायचे आणि मी कडेला जाऊन चौथी म्हणून उभी राहायची. फोटो चौघांचा निघायचा. मग कॉम्प्युटरवर मी मलाच कापून टाकायची आणि भिंतीवर लावायला तिघांचा फोटो घरी जायचा. काढताना चार होते ना, मग झालं, असं बाबांचं शास्त्र. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, त्यामुळे मला त्या कामाचा कंटाळा यायचा, भीती कधी वाटली नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी काही केल्या हटत नव्हती, फवारणीवर फवारणी चालायची, आणि त्याचा हिशोब आमच्या स्टुडिओत वेगळ्या तऱ्हेनं दिसायचा. लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्या होत्या, हार घालायच्या फोटोंच्या वाढल्या होत्या. लोक जुना फोटो घेऊन यायचे, बोटानं एक चेहरा दाखवायचे आणि म्हणायचे, एवढा मोठा करून द्या.

त्याच दिवसांत आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आवाज करायला लागली. अडकित्त्यात सुपारी कातरावी तसा कट, कट, आणि मग बराच वेळ काहीच नाही. सगळे फोटो तिच्यावर होते. माझा दादा स्वतःला मेकॅनिक समजायचा आणि गावही त्याला तसंच समजायचं, बिचारं गाव. तो यवतमाळहून नव्या जातीची डिस्क घेऊन आला. जुनीला रुंद राखाडी पट्टी लागायची, हिला बारीक लाल वायर. साटा म्हणतात हिला, हे त्यानं असं काही सांगितलं की जणू ती त्यानंच शोधली होती. ठरलं असं, की नवीवर सिस्टीम टाकायची, मग जुनी जोडून निघतील तेवढे फोटो काढून घ्यायचे. दादा दोन्ही एकदम जोडायला निघाला होता. मी जुनीची पट्टी उपटून बाजूला ठेवली, कारण फॉरमॅट भलतीलाच मारण्यात त्याचा हातखंडा होता.

बाजाराचा दिवस होता. कॉम्प्युटरची पेटी उघडी पडली होती तेवढ्यात जवळच्या तांड्यावरची एक मावशी आली. तिला मी ओळखत होते. थोरल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा ती दोन्ही मुलींना घेऊन फोटो काढायला आली होती. लग्नाआधीच थोरली गेली. फवारणीचं औषध कालवायला ती बापाबरोबर वावरात जायची, एक दिवस ओकाऱ्या सुरू झाल्या आणि यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं. तिचा हाराचा फोटो आम्हीच त्या फोटोतून कापून दिला होता.

मावशी बाकावर बसली नाही. धाकटीला ताप भरला होता, ती गावातल्याच सरकारी दवाखान्यात होती, बाप तिच्याजवळ होता.

"त्या फोटोत तू होती न, पोरी," मावशी म्हणाली. "तुले काहून काढलं? घरी भितीवर आम्ही तिघीच लटकून राह्यलो. एक गेली. आता लहानी पडली. मले तो फोटो चौघींचा पाह्यजे, आजच."

मी तिला म्हटलं, मावशी, ताप औषधानं उतरतो. ती म्हणाली, औषध चालू आहे, हेही पाह्यजे. दुसऱ्या फोटोतून मला उचलून इथे चिकटवता येईल असंही मी सुचवलं. तिनं मान हलवली. त्या दिवशी उभी होती तीच पाहिजे, आणून चिकटवलेली नाही. मला राग आला. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो गिळला.

मूळ फोटो जागा वाचवायला मी कधीच पुसला होता. पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्राम दादाकडे होता, पण त्यासाठी आधी नवी डिस्क चालायला हवी. आणि नवी डिस्क दिसेना. मशीन सुरू होताना तिचं नाव पडद्यावर यायचं, आणि सिस्टीमची सीडी घातली की ती सांगायची, या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच नाही. दादानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी डिस्कवर तळहात ठेवला. ती कोमट होती, आत काहीतरी फिरत होतं, हाताला बारीक थरथर लागत होती. आणि समोर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की ती नाही. माझ्या अंगावर काटा आला, हे मी दादाला सांगितलं नाही.

दोष डिस्कचा नव्हता. सीडी जुन्या काळातली, तिला ही नवी जात माहीतच नव्हती. दादाला ते उशिरा सुचलं. डिस्कची ओळख फ्लॉपीवरून सीडीला आधी करून द्यावी लागते. फ्लॉपी डिस्कसोबत आली होती, पण आमची फ्लॉपीची खाच जिनिंगच्या कापसानं गच्च भरली होती. दिग्रसमध्ये सरकी निघते गिरणीत आणि तंतू येतात घरात. चिमट्यानं ओढला तर आतून वातीएवढा लांब पेळू निघाला. मावशी आता बाकावर बसली होती आणि एकटक आमच्या हातांकडे बघत होती.

मग डिस्क दिसली. सिस्टीम चढायला दुपार गेली. लोडशेडिंगची वेळ जवळ येत होती. जुनी डिस्क जोडली, प्रोग्राम चालवला आणि पुसलेले फोटो एकेक करून बारीक चौकोनांत वर यायला लागले.

प्रत्येकात मी होते. माणसं बदलत होती, कपडे बदलत होते, कडेला मी तशीच, हात मागे बांधून सरळ कॅमेऱ्यात बघणारी. ज्यांचे हाराचे फोटो मी स्वतः केले होते अशी कितीतरी माणसं माझ्या शेजारी उभी होती. एवढ्या घरांसोबत मी उभी राहिले होते आणि एकाही भिंतीवर नव्हते. दादा, हे बंद कर, असं म्हणावंसं वाटलं. पण मावशी मागे येऊन उभी होती.

तिचा फोटो उघडला तो अर्धाच. कमरेच्या खाली सगळं करडं, वर चौघी स्वच्छ. थोरलीनं माझ्या दंडात हात अडकवून घट्ट धरला होता. मला हे आठवतच नव्हतं. मी कापलं होतं ते तिच्या कोपरापाशी.

मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं. "भ्याली होती थे," ती म्हणाली. "मले नाही धरलं, तुले धरलं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. फोटो प्रिंटरमधून पूर्ण बाहेर आला आणि लाइट गेली. जुनी डिस्क त्यानंतर पुन्हा फिरली नाही. मावशीनं बोटानं चौघी मोजल्या, फोटो ओला होता तो पदरानं न पुसता हातावर आडवा धरला आणि दवाखान्याकडे गेली. पुढे कळलं, तो तिनं धाकटीच्या उशीखाली ठेवला होता.

ताप उतरला. औषधानं उतरला, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते.

पुढच्या कुठल्याशा बाजाराला मावशी आली ती धाकटीला घेऊनच. पोरगी वाळली होती, पण हसत होती. फोटो काढायचा नव्हता. मावशीनं मला जवळ बोलावलं, लहान लेकराच्या लावतात तसा माझ्या कपाळाला उलटा हात लावला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"आता आपण तिघी राह्यलो," ती अगदी मायेनं म्हणाली. "आजारी पडली त निरोप धाडत जा, पोरी. लपवू नको."

मी ते हसण्यावारी नेणार होते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे सांगायला तोंड उघडलंही होतं. पण निघालं ते दुसरंच.

"मावशी," मी म्हटलं, "कालपासून अंग मोडून येऊन राह्यलं."